दिवा लावल्यावर दिसणारा नंबर

यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या शाईत नंबर किंवा कोड छापायचा म्हटलं की पहिली चौकशी शाईची होते. किलोचा भाव काय, कुठल्या रंगात उजळते, किती दिवस टिकते. चौकशी खरं तर कागदापासून सुरू व्हायला हवी. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च लावा आणि झेरॉक्सचा कागद, पांढराशुभ्र मॅपलिथो आणि स्टिकरचा क्रोमो शेजारी शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा तिन्ही निळसर पांढरे होऊन उजळतील. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून गिरणीत त्यात ऑप्टिकल ब्राइटनर घातलेला असतो. तो यूव्ही शोषतो आणि ४३० ते ४४० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश बाहेर टाकतो. अशा कागदावर निळ्यात उजळणारी शाई छापली, तर डोळा ताणून काहीतरी दिसेलही, पण कॅमेऱ्याला अक्षराची कड सापडणार नाही. यंत्राला शाईच्या एकट्या उजेडाशी देणंघेणं नसतं. शाई आणि तिच्या लगतचा कागद यांत किती फरक पडला, एवढंच ते बघतं.

हा फरक आकड्यात धरता येतो. कॅमेऱ्याच्या ० ते २५५ च्या पट्टीवर कोड १८० आणि कागद ४० आला, तर फरक १४०. त्याला १८० ने भागलं की ०.७८. तोच कोड ब्राइटनरवाल्या कागदावर छापला आणि कागदच १२० वर उजळला, तर ६० भागिले १८०, म्हणजे ०.३३. शाई तीच, थर तोच, दिवा तोच. हा आकडा ०.५ च्या खाली येत असेल तर छपाई सुरूच करू नये. ट्रायलच्या दहा प्रती वाचल्या जातात, आणि मोठ्या कामात कागदाचा लॉट बदलला की वाचन कोलमडतं.

ऑर्डर देताना शब्दांचा घोळही आधीच मिटवा. आपल्या छापखान्यांत ‘यूव्ही शाई’ म्हटलं की यूव्ही दिव्याखाली सुकणारी शाई असं धरलं जातं. इथे हवी आहे ती यूव्हीखाली उजळणारी. काही शाया दोन्ही असतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी द्या: कुठल्या तरंगलांबीला उजळायला हवी (३६५, २५४ की ९८० नॅनोमीटर), कुठल्या रंगात उजळायला हवी, आणि सुकणार कशी. एवढं लिहिलं तर चुकीचा डबा येत नाही.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं की त्या नावाची नक्कल होतेच. लेबलवर दिसणारा क्यूआर कोड छापला तर त्याचा फोटो काढून कुणीही तसाच छापू शकतो, आणि नक्कलही अस्सलाइतकीच छान वाचली जाते. म्हणून दुसरा, दिव्याखालीच वाचता येणारा कोड हवा. पण इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चमकणारी शाई बाजारात मिळते. ती वापरली म्हणजे नक्कल थांबली असं होत नाही. खरी ताकद जोडीत आहे: दिसणारा नंबर वेगळा, न दिसणारा वेगळा, आणि दुसरा पहिल्यावरून गुप्त किल्ली वापरून काढलेला, म्हणजे एचमॅकसारख्या पद्धतीने काढलेले शेवटचे सहा अंक. दोन्ही प्रत्येक नगावर बदलणारे. मग नक्कल करणाऱ्याकडे शाई असली तरी नव्या नंबराला जुळणारे अंक नसतात, आणि जुनाच नंबर पुन्हा पुन्हा छापला तर नोंदींत तो लगेच उघडा पडतो.

या जोडीचं धडधडीत उदाहरण घरोघरी कपाटात असतं. चेकबुक काढा. खालच्या पट्टीतले अंक एमआयसीआरचे, ई-१३बी अक्षरांतले, चुंबकीय शाईत छापलेले. नऊ अंकी कोडचे पहिले तीन अंक शहराचे. कोल्हापूरचे ४१६, आपल्या पिनकोडची सुरुवात तीच. आता यूव्ही दिवा लावा, बँकेचं बोधचिन्ह उजळेल. २०१० च्या सीटीएस, म्हणजे चेकची प्रतिमा पाठवून वटवण्याच्या पद्धतीच्या, मानकात हे बोधचिन्ह न दिसणाऱ्या यूव्ही शाईत हवं असं ठरलं, आणि त्याच मानकात चेकचा कागद यूव्हीखाली उजळता कामा नये अशीही अट आहे. कागदाची अट शाईच्या अटीशेजारी आहे, आणि एक दुसरीशिवाय निरुपयोगी आहे.

टपाल खात्यांनी तर या शाईवर संपूर्ण छाननी उभी केली. ब्रिटनमध्ये १९५७ साली साउदॅम्प्टनला यंत्राला तिकीट सापडावं म्हणून तिकिटांच्या मागे ग्रॅफाइटच्या रेघा छापून पाहिल्या आणि १९५९ पर्यंत पुढच्या बाजूला फॉस्फरचे, म्हणजे प्रकाश घेऊन उजळणाऱ्या पावडरीचे, पट्टे आले. पुढे पत्ता सांकेतिक ठिपक्यांत पाकिटावर उमटवायचा तोही फॉस्फरमध्येच. अमेरिकेने १९६३ मध्ये ओहायोतल्या डेटनला अशी उजळणारी तिकिटं वापरात आणली, आणि पुढे पाकिटांच्या मागच्या बाजूला नारिंगी चमकणाऱ्या रेघांचा बारकोड. मालावरच्या आजच्या छुप्या कोडांमागे हीच कल्पना आहे.

शाई कुठली घ्यावी

तीन घराणी आहेत. पहिलं सेंद्रिय फ्लोरोसंट रंगांचं. यूव्ही बंद झाला की उजेड काही नॅनोसेकंदांत संपतो. कण बारीक, काही तर द्रवात पूर्ण विरघळणारे, त्यामुळे ऑफसेटपासून इंकजेटपर्यंत कुठेही चालतात. दोष एकच पण मोठा: उन्हात झपाट्याने मरतात. रंगपक्केपणाच्या ब्लू वूल पट्टीवर, जिथे ८ म्हणजे सर्वांत पक्का, हे १ ते ३ मध्येच असतात. गोदामात राहणाऱ्या पेटीला चालतील, दुकानाच्या दर्शनी काचेत टांगलेल्या टॅगला नाहीत.

दुसरं घराणं युरोपियम या धातूच्या संयुगांचं आणि असेंद्रिय फॉस्फरांचं. युरोपियम संयुग ३६५ ला उत्तेजित होतं आणि ६१२ ते ६१७ नॅनोमीटरच्या अगदी अरुंद पट्ट्यात लाल उजळतं. कागदाचा ब्राइटनर निळ्यात उजळतो, हे लालमध्ये. कॅमेऱ्यासमोर ६१५ चा बँडपास फिल्टर, म्हणजे तेवढाच प्रकाश आत सोडणारा, लावला की कागदाचं निळं जवळजवळ पूर्ण गाळलं जातं. ब्राइटनरमुक्त कागद मिळतच नसेल तर हा सगळ्यांत व्यवहार्य मार्ग आहे, आणि एकच शाई निवडायची झाली तर माझं मत यालाच.

तिसरं घराणं उलट्या चालीचं: ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश घेऊन हिरवा किंवा लाल देणारं. यिटर्बियम आणि अर्बियम मिसळलेलं सोडियम यिट्रियम फ्लोराइड हे त्यातलं नेहमीचं. ९८० ला कागदाचा ब्राइटनर जागाच होत नाही, म्हणून पार्श्वभूमी काळीकुट्ट मिळते. पण उजेड फार मंद, आणि तो दिव्याच्या तीव्रतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दिवा अर्धा झाला तर उजेड चौथाई. त्यामुळे लेझर लागतो. तो डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच जास्त धोक्याचा. ९८० साठीचे खास चष्मे घातल्याशिवाय तो चालू करू नये. कॅमेऱ्यासमोर ९८० अडवणारा फिल्टरही हवा, कारण सिलिकॉनच्या सेन्सरला ९८० दिसतं.

दिवा विझल्यावर तासन् तास चकाकणारं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट कोडसाठी घेऊ नका. कण मोठे, चालत्या पट्ट्यावर (कन्व्हेयरवर) माल हलताना उजेडाची शेपटी राहते, आणि पाण्याशी त्याचं बिनसतं. सिलिकाचं आवरण नसेल तर पाणी-आधारित बेसमध्ये ते विघटित होतं. ‘बाहेर’ लिहिलेल्या पाट्यांना ते उत्तम आहे.

फॉस्फर शाईत मिसळायची पद्धत रंगद्रव्यापेक्षा वेगळी आहे. तीन रोलरच्या मिलमधून काढू नका. स्फटिक फुटला की नव्या पृष्ठभागावर दोष तयार होतात आणि उजेड घटतो. सावकाश फिरणारा स्टरर, प्लॅस्टिकचं पातं, प्लॅस्टिकचं भांडं. हे कण कडक असतात, स्टीलचं पातं झिजवतात, आणि ती झीज शाईत करडी छटा आणते. दर १५ ते २० मिनिटांनी ढवळावं, कारण स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची घनता सुमारे ३.६, उलट्या चालीच्या फॉस्फरची सुमारे ४.२, आणि बेसची एकच्या आसपास. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर न ढवळता छापलेल्या पहिल्या पन्नास प्रती फिक्या निघतात, त्याचं कारण हेच.

प्रमाण ठरवायला शिडी लावा. पारदर्शक बेस १०० ग्रॅमचे चार डबे. त्यांत ५, १०, १५ आणि २० ग्रॅम. एकाच जाळीतून, एकाच कागदावर, एकाच दिवशी छापा, आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर पक्कं बांधून चौघांचा आकडा घ्या. ऑटो एक्स्पोजर चालू ठेवलं तर चारही सारखेच दिसतील आणि तुम्ही स्वस्तातला डबा निवडाल. सेंद्रिय रंगात एका मर्यादेनंतर प्रमाण वाढवलं की उजेड उलट कमी होतो. रेणू दाटले की एकमेकांचा उजेड गिळतात. फॉस्फरचं तसं होत नाही, पण तो दिवसाउजेडी पांढुरका दिसायला लागतो आणि पकड सुटते. उजेडाची चढण सपाट व्हायला लागते त्याच्या एक पायरी आधी थांबावं.

शाईत पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड अजिबात नको. तो ४०० नॅनोमीटरच्या खालचा सगळा यूव्ही स्वतःच खातो.

कागद आणि थर

कागदवाल्याला ‘यूव्ही डल’ किंवा ‘ओबीए फ्री’ (दोन्हींचा अर्थ ऑप्टिकल ब्राइटनर नसलेला) असं सांगा आणि रीम उघडण्याआधी टॉर्च मारा. क्रीम रंगाचा कागद म्हणजे ब्राइटनर नाही असं समजू नये, काहींत असतो. गुळाच्या पेटीचा तपकिरी क्राफ्ट मात्र या कामाला चांगला, कारण त्यात ब्राइटनरची गरजच नसते. पुनर्वापराच्या क्राफ्टमध्ये जुन्या पांढऱ्या कागदाचे तंतू येतात आणि ते तारे विखुरल्यासारखे चमकतात. एक तंतू कोडच्या एका चौकटीएवढा भरला की वाचनात चूक. अशा क्राफ्टवर थेट न छापता लेबल लावा.

पांढऱ्या पॉलिप्रॉपिलिनचं लेबल बहुधा मंद असतं, कारण त्यातला टायटॅनियम यूव्ही शोषतो. वरून लॅमिनेशन करणार असाल तर फिल्म आधी तपासा. बीओपीपी (ताणलेल्या पॉलिप्रॉपिलिनची फिल्म) आणि पॉलिएस्टर ३६५ ला वाट देतात. पॉलिएस्टर २५४ अडवतं. साधी काचही २५४ अडवते. उन्हापासून वाचवणारी यूव्ही-शोषक फिल्म किंवा वॉर्निश लावलं तर कोड गाडलाच म्हणून समजा. चपलेच्या कातड्यावर थेट छापण्याचा नाद सोडावा. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं कातडं शोषक असतं, वर तेल चढवलेलं असतं, शाई पसरते. टॅगच बरा.

एक युक्ती कामाची आहे: ब्राइटनरवाला कागद टाळता येत नसेल तर आधी गडद काळा चौकोन छापा आणि त्यावर जाड थरात चमकणारा कोड. काळ्यामुळे कागदाचा उजेड झाकला जातो. खालून परत येणारा शाईचा उजेडही गमावतो, तरी फरकाचा आकडा वर जातो. हे स्क्रीनलाच, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापण्यालाच, जमतं. ऑफसेटचा थर फार पातळ.

थराचं गणित असं. ऑफसेटमध्ये वाळलेला थर १ ते २ मायक्रॉन. पाच मायक्रॉनचा फॉस्फरचा कण त्यात बसतच नाही. शाई कागदावर नेणाऱ्या रबरी ब्लँकेटवर साचतो आणि प्लेट घासतो. म्हणून ऑफसेटला सेंद्रिय रंग. स्क्रीनला १२०-३४ ची जाळी, म्हणजे सेंटिमीटरला १२० धागे आणि धागा ३४ मायक्रॉनचा, घेतली तर छिद्र साधारण ४५ ते ५० मायक्रॉन. कणापेक्षा छिद्र किमान तिप्पट असावं. म्हणजे १५ मायक्रॉनपर्यंतचे कण जातील. मोठ्या कणांना ७७-५५ ची जाळी, पण मग बारीक चौकटी उमटणार नाहीत.

स्क्रीन आणि ऑफसेट दोन्हीला एक मोठी मर्यादा आहे: प्रत्येक प्रतीवर नंबर बदलता येत नाही. बदलत्या नंबराला इंकजेट, किंवा रिबनचा थर्मल ट्रान्स्फर, किंवा जुना नंबरिंग बॉक्स. इंकजेटला विरघळलेलाच रंग चालतो. फॉस्फर नोझल बुजवतो. मग फॉस्फरचा टिकाऊपणा आणि बदलता नंबर दोन्ही हवं असेल तर? स्क्रीनने फॉस्फरचा भरीव चौकोन छापा आणि त्यावर नेहमीच्या काळ्या शाईत इंकजेटने नंबर. दिव्याखाली उजळत्या चौकोनावर काळे अंक दिसतात. नंबर दिवसाही दिसतो हे खरं, पण कागदाचा ब्राइटनर, उन्हाचा त्रास आणि पुढे सांगितलेली उलट्या कोडची कटकट, तिन्ही एका फटक्यात सुटतात.

अंकांचा आकार

माणसाने आणि यंत्राने दोघांनी वाचायचं असेल तर ओसीआर-बी अक्षरं घ्या. पहिल्या आकारात अंकाची उंची सुमारे २.४ मिलिमीटर, रेघेची जाडी ०.३५ आणि अंकामागून अंक २.५४ मिलिमीटरवर. चमकणाऱ्या शाईत रेघ छापली त्याहून जाड दिसते, कारण उजेड कागदाच्या तंतूंतून बाजूला पसरतो. त्यामुळे ८ ची भोकं बुजतात, ३ चा ८ होतो, ० चाही ८ होतो. कलाकृतीतच रेघ १० ते १५ टक्के बारीक करून ट्रायल घ्या. अक्षरं टाळता आली तर टाळाच. फक्त अंक ठेवले की ० आणि ओ, १ आणि आय यांचा प्रश्नच उरत नाही.

पडताळणीचा अंक लावल्याशिवाय नंबर छापू नये. पासपोर्टच्या खालच्या ओळींत असते ती ७-३-१ ची पद्धत पुरेशी आहे. समजा नंबर २५०४१७. गुणाकार असे: २×७=१४, ५×३=१५, ०×१=०, ४×७=२८, १×३=३, ७×१=७. बेरीज ६७, एककाचा अंक ७. छापायचा नंबर २५०४१७७. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर ही पद्धत तो हमखास पकडते, कारण ७, ३ आणि १ यांचा १० शी सामाईक विभाजक नाही. शेजारचे दोन अंक आलटून पालटून झाले तर बहुतेक वेळा पकडते. फरक बरोबर ५ असेल, जसे १ आणि ६, तर निसटतात. यंत्र अंकांची अदलाबदल करत नाही. माणूस हाताने टाइप करताना करतो. तेव्हा हाताने नोंद होणार असेल तर एवढं लक्षात ठेवावं.

फक्त यंत्रानेच वाचायचं असेल तर चौकटींचा कोड बरा, आणि लहान जागेत डेटा मॅट्रिक्स, क्यूआरसारखाच पण आटोपशीर. १४ बाय १४ च्या डेटा मॅट्रिक्समध्ये १६ अंक मावतात. चौकट ०.६ मिलिमीटरची धरली तर ८.४, भोवतीची एक चौकट रिकामी जागा मिळून ९.६ मिलिमीटर. सर्वांत लहान क्यूआर २१ बाय २१. चारही बाजूंनी चार चौकटी मोकळ्या सोडाव्या लागतात, म्हणजे १७.४ मिलिमीटर. त्यात मधल्या एम पातळीच्या दुरुस्तीसह (खराब झालेला भाग भरून काढण्याची सोय) ३४ अंक मावतात, क्यू पातळीला २७, आणि सर्वांत वरच्या एच पातळीला १७ च. चमकणाऱ्या शाईत क्यूच्या खाली जाऊ नये.

आता ती उलट्या कोडची कटकट. नेहमीचा कोड पांढऱ्यावर काळा असतो. चमकणारा कोड दिव्याखाली काळ्यावर पांढरा होतो. काही वाचक यंत्रं असा उलटा कोड वाचतच नाहीत, फोनवरची अनेक अॅपही अडखळतात. वाचकाच्या सेटिंगमध्ये ‘इन्व्हर्स’ आहे का ते खरेदीआधी बघा. नसेल तर कलाकृतीच उलटी करा, म्हणजे कोडच्या काळ्या चौकटी कोऱ्या सोडा आणि बाकीचं, भोवतीच्या मोकळ्या जागेसह, चमकणाऱ्या शाईने भरा. शाई जास्त लागते, वाचन सुरळीत होतं.

दिवा आणि कॅमेरा

कोल्हापुरात ३६५ चा दिवा शोधायला लांब जायला नको. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत कास्टिंगच्या भेगा शोधायला चुंबकीय कणांची तपासणी करतात, तिला हाच दिवा लागतो. त्या कामाचा नेहमीचा दंडक म्हणजे ३८ सेंटिमीटरवर किमान १००० मायक्रोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर आणि सभोवती पांढरा उजेड २० लक्सच्या आत. कोड वाचायलाही हाच आरंभबिंदू धरावा. फाउंड्रीत यूव्ही मीटर असतोच. तो अर्ध्या तासासाठी मिळाला तरी दिव्याची खरी ताकद कळते. स्वस्त टॉर्चवर ३६५ लिहिलेलं असतं आणि आत ३९५ चा एलईडी असतो. त्यातला जांभळा उजेड कागदावरून परावर्तित होतो आणि फरकाचा आकडा खातो. खऱ्या ३६५ च्या एलईडीलाही थोडी जांभळी शेपूट असते, म्हणून दिव्यासमोर दृश्य प्रकाश अडवणारी काळी काच आणि कॅमेऱ्यासमोर ४२० च्या वरचंच आत सोडणारा फिल्टर. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा यूव्ही चष्मा. २५४ चा दिवा उघडा वापरूच नये. त्वचा आणि डोळे दोन्ही भाजतात.

चालत्या पट्ट्यावर वेळेचं गणित लागतं. पट्टा मिनिटाला ३० मीटर, म्हणजे सेकंदाला ५०० मिलिमीटर. ०.६ च्या चौकटीत पाव चौकटीहून जास्त फरफट नको, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. एक्स्पोजर ०.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात पुरेसा उजेड हवा तर दिवा झोताने चमकवावा लागतो. कॅमेरा ग्लोबल शटरचाच, म्हणजे सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा, हवा, नाहीतर कोड तिरका होतो. प्रत्येक चौकटीवर किमान चार पिक्सेल पडावेत.

युरोपियमचा खरा फायदा इथे कामी येतो. त्याचा उजेड दिवा विझल्यावर काहीशे मायक्रोसेकंद टिकतो. ब्राइटनरचा नॅनोसेकंदांत संपतो. मग दिवा २०० मायक्रोसेकंद लावा, विझवा, ५० मायक्रोसेकंद थांबा, आणि मग शटर ५०० मायक्रोसेकंद उघडा. कागद काळा, कोड उजळ, कागद कुठलाही असो. किंमत अशी की ५०० मायक्रोसेकंदांत पट्टा पाव मिलिमीटर सरकतो, म्हणून वेग निम्मा करावा लागतो. फॉस्फरचा मागे राहणारा उजेड वाचणारी टपालयंत्रं हेच करत होती.

छापताना काय बिघडतं

न दिसणाऱ्या शाईची सगळी संकटं एकाच कारणाने वाढतात: बिघाड दिसत नाही. थर्मल इंकजेटची दोन नोझल बुजली तर काळ्या शाईत पांढरी रेघ लगेच दिसते. इथे हजार लेबलं जातात आणि मग वाचक ओरडतो. मशीनजवळ दिवा कायमचा टांगलेला असावा, रोज सकाळी आणि प्रत्येक थांब्यानंतर नोझलचा नमुना छापून दिव्याखाली बघावा. द्रावकाच्या इंकजेटला एप्रिल-मेच्या दुपारी मेक-अप (शाई पातळ करणारा द्रावक) जास्त लागतो. शाई घट्ट झाली की थेंब वाकडे पडतात.

ऑफसेटवर आधी काळी किंवा निळी शाई चाललेली असेल तर रोलर दोनदा धुऊन, मग थोडी पारदर्शक बेस लावून पुन्हा धुवावेत. काळ्याचा जरासा अंश उजेड निम्म्यावर आणू शकतो, आणि शाई डब्यात बघून ते कळत नाही. शाईचा गडदपणा मोजणारा डेन्सिटोमीटर या शाईला निरुपयोगी. त्याऐवजी शिडीतून निवडलेल्या थराची मंजूर पट्टी दिव्याखाली ताज्या प्रतीशेजारी ठेवा.

पावसाळा हा आपल्याकडचा स्वतंत्र विषय आहे. जुलैत हवा इतकी दमट की हवेने सुकणारी शाई रात्रभर ओली राहते. थप्पीत ती वरच्या कागदाच्या पाठीला लागते. काळी लागली असती तर दिसली असती. ही लागते, दिसत नाही, आणि दिव्याखाली पाठीवर आरशातल्यासारखा दुसरा कोड उजळतो. थप्प्या दोनशे-तीनशे कागदांच्याच ठेवा, मधे हवा खेळू द्या, आणि दर थप्पीतल्या एका कागदाची पाठही दिव्याखाली बघा. खोलीतली आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत आणता आली तर निम्मे प्रश्न जन्मालाच येत नाहीत. गुळाच्या वेष्टनाला हे दुप्पट लागू: छपाई बाहेरच्या लेबलवर, शाई अन्नाच्या वेष्टनासाठीच्या आयएस १५४९५ ला उतरणारी, आणि खाण्याला टेकणाऱ्या बाजूला शाई लागता कामा नये.

आणखी एक, जो फार जणांना चकवतो: निळे चमकणारे ठिपके, जे कलाकृतीत नाहीत, प्लेटवर नाहीत, कागदातही नाहीत. ते कपड्यांचे धागे असतात. धुण्याच्या पावडरीतही ब्राइटनर असतो. सुती शर्टाचे, पुसायच्या फडक्याचे तंतू लेबलवर बसतात आणि दिव्याखाली चमकतात. मशीन पुसायला तंतू न सुटणारं फडकं घ्या, आणि ते साबणात धुऊ नका.

न दिसणारी शाई पूर्ण न दिसणारी नसतेच. लेबल तिरकं धरलं तर कोडच्या जागी चकाकी वेगळी दिसते. वरून सगळीकडे मॅट वॉर्निश मारलं की ती मिटते. वॉर्निशमध्ये यूव्ही शोषणारं काही नाही याची खात्री मात्र त्याच टॉर्चने करा.

पूर्ण काम मशीनवर चढवण्याआधी एक पट्टी छापा, अर्धी अॅल्युमिनियमच्या फॉइलने झाका, आणि माल जिथे विकला जाणार आहे तशा दर्शनी काचेमागे ठेवा. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी फॉइल काढून दोन्ही अर्ध्यांचे आकडे घ्या. ०.७८ वरून ०.६ वर आलं तर मालाचं दुकानातलं आयुष्य किती यावर विचार करा, ०.५ च्या खाली गेलं तर शाई बदला. झाकलेला अर्धा भाग काळ्या कागदाच्या पाकिटात घालून त्यावर तारीख, शाईचा बॅच, कागदाचा लॉट आणि जाळीचा नंबर लिहून ठेवा. पुढच्या वेळी हेच काम आलं की तोच तुकडा दिव्याखाली ताज्या प्रतीशेजारी ठेवायचा आहे.